सोंग, ढोंग आणि अस्सलपणा : रोजच्या जगण्यातील दिखाव्याचा अभ्यास



'जसे आहात तसे राहा' हा सल्ला तुम्ही आतापर्यंत अनेकदा ऐकला असेल. तो देणारी माणसेच मुलाखतीच्या आदल्या दिवशी 'इस्त्रीचे कपडे घाल, आत्मविश्वासाने बोल, घरची अडचण सांगत बसू नकोस' असेही बजावतात. हे दोन्ही सल्ले एकाच वेळी कसे पाळायचे, ते मात्र कोणी सांगत नाही. या पाठात आपण तोच प्रश्न पाहणार आहोत. दिखावा म्हणजे नेमके काय, माणसे तो का करतात, त्याची किंमत कोण भरतो आणि अस्सल राहणे प्रत्येकाला सारखेच परवडते का? विषय समाजशास्त्राचा आहे, मानसशास्त्राचा आहे आणि थोडा तत्त्वज्ञानाचाही. पण उदाहरणे बहुतेक तुमच्या वसतिगृहात आणि घरातच सापडतील.

शब्दांपासून सुरुवात

मराठीत 'सोंग' आणि 'ढोंग' हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. बहुरूपी पोलिसाचा वेष घालून दारात येतो, खोटा दंड मागतो, दरडावतो. घरातली माणसे हसतात आणि त्याला चार पैसे देतात. कोकणात आणि गोव्यात दशावतारात रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी आपल्या कामाला लागतो. ही सोंगे आहेत. सोंग घेणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. ढोंगात पाहणाऱ्याला ते कळू नये अशी खटपट असते. दोन्हींत मुखवटा आहे. फरक आहे तो पाहणाऱ्याशी झालेल्या कराराचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार लागेल.

तिसरा शब्द 'दंभ'. तो जुना आहे आणि त्यावर आपल्या परंपरेने बराच विचार केला आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना 'अदंभित्व' अगदी सुरुवातीलाच येते आणि ज्ञानेश्वरीत त्यावर स्वतंत्र विवेचन आहे. दिखाव्याची चिंता मोबाइल फोनबरोबर जन्माला आली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि चौथा शब्द 'अस्सल'. तो अरबीतून आला. तिथे 'अस्ल' म्हणजे मूळ. सरकारी कचेरीत दस्तऐवजाची अस्सल प्रत वेगळी आणि नक्कल वेगळी. कागदाच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण अस्सल प्रत कपाटातून काढून दाखवता येते. माणसाच्या बाबतीत ती कोणत्या कपाटात असते? आईशी बोलणारे तुम्ही अस्सल, की मित्रांत शिव्या देणारे? की परीक्षेत तोंडी उत्तरे देताना आवाज बदलणारे? 'खरे मी' नावाची एक वस्तू आत ठेवलेली आहे आणि बाकी सगळा वरचा लेप आहे, ही समजूत ऐकायला बरी वाटते. ती कितपत टिकते, ते पाहू.

दिवाणखाना आणि स्वयंपाकघर

या विषयावर सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचे आहे. 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' असे त्याचे नाव. ते प्रथम १९५६ मध्ये एडिनबरा येथे आणि मग वाढवलेल्या स्वरूपात १९५९ मध्ये अमेरिकेत निघाले. त्याआधी गॉफमन स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर एका छोट्या वस्तीत राहून निरीक्षण करत होते. तिथल्या हॉटेलात त्यांनी जे पाहिले, ते या पुस्तकात ठिकठिकाणी आले आहे.

हॉटेलात जेवायला येणारे पाहुणे मध्यमवर्गीय, शहरी. काम करणारी माणसे बेटावरची, शेतकरी घरातली. पुढच्या भोजनगृहात शुभ्र टेबलक्लॉथ आणि अदबशीर वावर. आत स्वयंपाकघरात मात्र बेटावरची रोजची रीत. चुलीवरच्या वाफाळत्या किटलीवर ओले मोजे वाळत असत. भोजनगृहातून परत आलेले अर्धवट वापरलेले लोणी पुन्हा गोल वळून, ताजे दिसेल असे करून पुढच्या टेबलावर जाई. या दोन जगांच्या मध्ये एक दरवाजा. ताटे घेऊन जा-ये करणाऱ्या मुलींना तो उघडा हवा असे, आणि मालकांना बंद, कारण आतले बाहेर दिसले तर बाहेरचा डौल कोसळणार. हा दरवाजा रोज रागारागाने लोटला जाई आणि रागारागानेच आपटून बंद केला जाई. गॉफमन यांचा सगळा सिद्धांत या दरवाज्यात आहे, असे मला वाटते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस इतरांसमोर येतो तेव्हा तो नकळत एक प्रयोग करत असतो. त्या प्रयोगाला एक दर्शनी भाग असतो आणि एक पडद्यामागचा. दर्शनी भागात आपण आपल्याविषयी एक विशिष्ट समजूत निर्माण होईल असे वागतो. पडद्यामागे आपण तयारी करतो, सैल होतो, कुरकुरतो, उद्याच्या प्रयोगाची तालीम करतो. या सगळ्या धडपडीला प्रतिमा-व्यवस्थापन म्हणतात.

आपल्याकडे हे समजायला शेटलंडला जावे लागत नाही. दोन खोल्यांच्या घरातही बाहेरची खोली आणि आतली खोली हा भेद असतो. काचेच्या कपाटातले कप पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असतात आणि घरातली माणसे दांडी तुटलेल्या कपातून चहा पितात. पाहुणे अचानक आले आणि साखर संपली असेल तर आई डोळ्यानेच खूण करते, धाकटा मागच्या दाराने शेजारी पळतो आणि बाबा बाहेर गप्पा लांबवतात. गॉफमन याला संघाचा प्रयोग म्हणतात. एकाने चूक केली तर सगळ्यांची फजिती. आणि पाहणाराही कमी नसतो. दुधाची पंचाईत ओळखलेला जाणता पाहुणा 'आत्ताच घेऊन निघालो' म्हणतो. तो खोटे बोलतो, ते खोटे आहे हे यजमानाला कळते, आणि दोघांचीही अब्रू राहते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत मूठ झाकणारा जेवढा आहे, तेवढाच ती न उघडणाराही आहे.

म्हणून प्रत्येक दिखाव्याला ढोंग म्हणणे चूक ठरते. यातला बराचसा भाग सोंगाच्या बाजूचा आहे. दोन्ही पक्षांना माहीत असलेला, एकमेकांना सांभाळून घेणारा. पडदाच नको, सगळे उघड असू द्या, असे म्हणणाऱ्याने २०२० आठवावे. टाळेबंदीत महाविद्यालये घरात आली आणि तासाला कॅमेरा सुरू करा असा आग्रह काही ठिकाणी झाला. ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली होती त्यांना काहीच वाटले नाही. ज्यांच्या मागे एकाच खोलीत आजोबा खाटेवर, आई स्वयंपाकात आणि भावंडे भांडत होती, त्यांनी कॅमेरा बंद ठेवला. ते अप्रामाणिक नव्हते. त्यांच्याकडे मिटायला दरवाजाच नव्हता. पडद्यामागची जागा ही गरज आहे आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही.

मग खटकते कुठे? प्रयोग संपतच नाही तेव्हा. माणसाला मुखवटा उतरवायला जागा राहत नाही, किंवा प्रेक्षक म्हणून तो स्वतःलाच फसवू लागतो. ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात पॅरिसमधल्या एका कॅफेतल्या वेटरचे उदाहरण दिले आहे. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणे जरा जास्तच तत्पर. जणू तो वेटर असण्याचा खेळ खेळतो आहे. सार्त्र यांच्या दृष्टीने माणूस कधीच टेबल जसे टेबल असते तसा वेटर असत नाही. त्याच्यापुढे निवडीची मोकळीक असते. ती नाकारून 'मी हाच आहे, दुसरे काही शक्यच नाही' असे स्वतःला पटवणे ही आत्मवंचना. सार्त्र यांनी त्या वेटरवर थोडा अन्याय केला असे माझे मत आहे. गिऱ्हाइकासमोर चपळ दिसणे हे त्याच्या पगाराचे काम होते आणि घरी जाऊन तो कसा वागत होता हे तत्त्वज्ञाला ठाऊक नव्हते. पण मुद्दा खरा आहे. अस्सलपणाचा पहिला प्रश्न लोकांना काय दाखवता हा नसून स्वतःपासून काय लपवता हा आहे.

पैशाचे सोंग

'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' असे जुनी माणसे म्हणत. हप्त्यांच्या काळात ही म्हण थोडी सैल झाली आहे. पैशाचे सोंग आता चोवीस महिन्यांसाठी आणता येते.

समजा, ७२ हजारांचा फोन व्याज न धरता चोवीस हप्त्यांत घेतला. महिन्याला ३ हजार झाले. घरून महिन्याला ९ हजार येत असतील तर त्यांतला तिसरा हिस्सा गेला. उरलेल्या ६ हजारांत मेस, प्रवास, झेरॉक्स, परीक्षा शुल्क. आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. तो फोन ज्या मित्रांसमोर शोभावा म्हणून घेतला, ते मित्र त्याच पातळीच्या कॅफेत जातात, तशाच सहलींना जातात. दिखाव्याची एक वस्तू एकटी कधी येत नाही. ती पुढच्या खर्चाचे आमंत्रण घेऊन येते, आणि नाही म्हणायची वेळ आली की आधीच्या फोनमुळेच 'पैसे नाहीत' हे सांगता येत नाही. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा.

प्रतिष्ठेसाठी उघडपणे केलेल्या उधळपट्टीवर थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्या समोर अमेरिकेतले नवश्रीमंत होते. पण दिखावा ही केवळ श्रीमंतांची गोष्ट नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००७ मध्ये अत्यंत गरीब कुटुंबांच्या खर्चाविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यात राजस्थानातल्या उदयपूर भागातील कुटुंबांचा सणावारांवरचा मध्यक खर्च वार्षिक खर्चाच्या सुमारे १० टक्के होता. हे वाचून 'म्हणूनच गरीब राहतात' असा शेरा मारण्याचा मोह होतो. तो मोह जुना आहे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जाचे कागद जाळले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोरही शेतकरी लग्नात पैसा उडवतो म्हणून बुडतो, हे मत होतेच. आयोगाने तपासून पाहिले आणि लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे नोंदवले. दुसऱ्याचा सण आपल्याला उधळपट्टी वाटतो आणि आपला सण परंपरा, एवढे तरी यातून घ्यावे.

तरीही लग्नात खर्च का होतो, हा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांच्या अभ्यासातून आले. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलगी गावाबाहेर दिली असेल तर लग्नसमारंभावर जास्त खर्च होतो, असे त्यांना दिसले. कारण विचार करण्यासारखे आहे. गावातल्याच घरी सोयरीक झाली तर ते घर कसे आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असते. परगावचे स्थळ किती चांगले मिळाले, हे गावाला कळण्याची सोय नसते; ते मांडवाच्या आकाराने सांगावे लागते. म्हणजे दिखावा तिथे वाढतो, जिथे माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. वसतिगृहातल्या पहिल्या महिन्यात कपडे, बूट आणि आडनावे यांना एवढे वजन का येते आणि तिसऱ्या वर्षी ते का उतरते, याचेही उत्तर यात आहे. तोवर कोण नोट्स देतो आणि कोण आजारपणात डबा आणतो हे कळलेले असते. बुटांकडे बघायचे कारण उरत नाही.

वर्गातली शांतता

आता असा दिखावा पाहू ज्यात एक पैसाही लागत नाही. शिक्षक विचारतात, 'समजले का?' वर्ग मान हलवतो. तुम्हाला समजलेले नसते. तुम्ही आजूबाजूला पाहता, सगळ्यांचे चेहरे शांत. म्हणजे सगळ्यांना समजले आहे आणि आपणच मागे आहोत, असा निष्कर्ष काढून तुम्हीही चेहरा शांत ठेवता. तुमच्या शांत चेहऱ्याकडे पाहून शेजारचाही तोच निष्कर्ष काढतो.

डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये नेमका याचाच प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक मुद्दाम दुर्बोध केलेला उतारा वाचायला दिला आणि अडचण आली तर बाहेर येऊन विचारा, असे सांगितले. विद्यार्थी उठले नाहीत. नंतर विचारल्यावर प्रत्येकाचे उत्तर साधारण असे निघाले, की मी संकोचामुळे गप्प राहिलो, इतरांना मात्र बहुधा कळले होते. आपण गप्प बसलो ते भिडेपोटी आणि दुसरा गप्प बसला तो समजल्यामुळे! वागणे एकच, पण आपल्या बाबतीत आपल्याला कारण माहीत असते आणि दुसऱ्याच्या बाबतीत फक्त चेहरा दिसतो. या प्रकाराला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. प्रत्येक जण खासगीत एक मानतो, आणि बाकी सर्व जण दुसरे मानतात असे समजून त्या दुसऱ्याप्रमाणे वागतो.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण वर्गात फारच खरी ठरते. इंग्रजी माध्यमात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. प्रश्न येत नाही असे नसते. तो मनात मराठीत, ओडियात किंवा संथालीत पूर्ण तयार असतो. तो इंग्रजीत मोडका निघेल या भीतीने गिळला जातो. सत्र संपते तेव्हा न विचारलेल्या प्रश्नांची थकबाकी उत्तरपत्रिकेत दिसते. तिथे गुण कमी पडतात ते विषयाचे, आणि दोष जातो बुद्धीला.

या भीतीला दुसरा एक प्रयोग थोडा धक्का देतो. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला ओशाळवाणे वाटेल असा, बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, असे विचारल्यावर टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्मे असा होता. प्रत्यक्षात ते ओळखणारे पाव भागाच्याही आत होते. आपल्यावर जेवढा प्रकाशझोत आहे असे आपल्याला वाटते, तेवढा तो नसतो. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या काळजीत असतात.

पण या निष्कर्षाचा अतिरेक करू नका. लोक बघतच नाहीत, असे त्यातून सिद्ध होत नाही. पाव भागाच्या आसपास लोकांनी पाहिलेच. आणि काही माणसांकडे समाज इतरांपेक्षा जास्त रोखून बघतो. तिकडे वळण्याआधी एक छोटा मुद्दा.

पगारी हसू

आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेवक-सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. हमाल पाठ विकतो, तसे इथे हसू विकले जाते. वरवरचे हसणे हा एक प्रकार. खरेच तसे वाटावे म्हणून मन वळवणे हा दुसरा, आणि तो अधिक खोल. कॉल सेंटर, रुग्णालय, हॉटेल, घरोघरी सामान पोहोचवण्याचे काम, यांपैकी कशात तरी तुमच्यातले अनेक जण जातील. तिथे 'मी अस्सल आहे, मला हसू येत नाही' हे चालणार नाही, आणि चालावे असेही नाही. मात्र दहा तास हसून आलेल्या माणसाला घरी गप्प बसायची मुभा हवी. ती घरातल्यांनीच द्यायची असते.

अस्सलपणा कोणाला परवडतो

'लोकांची पर्वा करू नका, स्वतःशी प्रामाणिक राहा' हे वाक्य सांगणाऱ्याचा पत्ता एकदा बघावा. बहुधा ते अशा माणसाकडून येते, ज्याचे खरे रूप उघड झाल्याने त्याचे काही जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमध्ये अभ्यास करून ते १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जाता येणार नाही हे माहीत होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव नोंदवून त्यांनी जागा घेतली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले संतप्त लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असा दम देऊन गेले. शहरातल्या दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगितली. रेल्वेची वेळ होईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून ते मुंबईला परतले.

हे नाव खोटे होते. त्याला दिखावा म्हणाल का? ढोंग म्हणाल का? बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. त्या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवून खोली घेतो, आणि जात कळल्यावर मार खातो. शीर्षकातला 'चोरली' हा शब्द पुन्हा वाचा. स्वतःचीच गोष्ट लपवणे ही चोरी ठरावी, अशी व्यवस्था कोणी केली, हा त्या शब्दातला प्रश्न आहे.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे समजू नका. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर पूर्ण नाव विचारले जाते, ते टपालासाठी नसते. समलिंगी व्यक्तीचे संमतीने असलेले नाते ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत कायद्याने गुन्हा ठरत होते, आणि निकालाने घरातली भीती संपत नाही. अशा विद्यार्थ्याला 'मित्रांपासून का लपवतोस, अस्सल राहा' असे सांगणे म्हणजे धोका त्याच्या पदरात टाकून धैर्याचे श्रेय आपण घेणे.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. खासगी ठेवणे, बचाव करणे आणि बडेजाव करणे. वडील काय काम करतात हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला तुम्ही बांधलेले नाही. ते खासगी आहे. उपद्रव होईल म्हणून आडनाव न सांगणे हा बचाव आहे. वडील शेतमजूर असताना 'बिझनेस आहे' सांगणे, मग त्याला साजेसे कपडे घेणे, आणि ते भेटायला आले तर त्यांना फाटकाबाहेरच थांबवणे, हा बडेजाव झाला. त्याची किंमत तुमच्याआधी ते वडील भरतात. पहिल्या दोहोंत आणि तिसऱ्यात गोंधळ होतो खरा, कारण बचाव म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू सवयीची होते. तेव्हा एक प्रश्न विचारून पाहावा. हे उघड झाले तर माझे काय जाईल? खोली, नोकरी, सुरक्षितता जाणार असेल तर गोष्ट वेगळी. चार जणांत एक दिवस ओशाळे व्हावे लागेल एवढेच असेल, तर हिशेब पुन्हा मांडायला हरकत नाही.

'मी तोंडावर बोलतो'

उलट टोकालाही एक दिखावा असतो. 'मी असाच आहे, मी तोंडावर बोलतो' असे म्हणत दुसऱ्याच्या वजनावर, रंगावर, उच्चारावर शेरे मारणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांचा अस्सलपणा बहुधा खालच्याशी बोलतानाच जागा होतो. प्राचार्यांसमोर तो गाढ झोपलेला असतो. विस्कटलेले केस ठरवून विस्कटलेले ठेवणे, साधेपणाचे फोटो दहादा काढणे, हाही त्यातलाच प्रकार. कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९९१ मध्ये या विषयावर व्याख्याने दिली. त्यांचा एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. माणसाचे स्वत्व एकट्याने आत खणून सापडत नाही. ते इतरांशी झालेल्या संवादातून घडते, आणि कोणत्या गोष्टींना महत्त्व आहे याची काही जाण नसेल तर 'माझी निवड' या शब्दांना वजन राहत नाही. कपाटातली अस्सल प्रत शोधण्याचा प्रश्न इथे थोडा सुटतो. तशी प्रत नसते. आईशी, मित्रांशी, शिक्षकांशी बोलणारे तुम्ही वेगवेगळे असणारच. या तिन्ही ठिकाणी कोणती गोष्ट तुम्ही विकत नाही, ती पाहावी लागते.

स्वाध्याय

पुढील आठवडाभर एक वही ठेवा. ती कोणाला दाखवायची नाही. रोज रात्री त्या दिवशी केलेला एक छोटा दिखावा लिहा. न समजलेल्या गोष्टीवर हलवलेली मान, न पाहिलेल्या सिनेमावर दिलेले मत, परवडत नसताना भरलेले बिल. त्यापुढे दोन रकाने करा. पहिल्यात तो कोणासाठी केला ते लिहा, म्हणजे त्या माणसाचे नाव. 'लोक' असे लिहू नका. दुसऱ्यात त्याची किंमत लिहा, रुपयांत, वेळात किंवा न मिळालेल्या माहितीत. आठवड्याच्या शेवटी पहिल्या रकान्यातली नावे मोजा. ज्यांच्या मताची धास्ती आपण 'समाज' या शब्दात सांगतो, ते बहुतेकदा तीन-चार जण निघतात.

त्याच आठवड्यात एका तासाला, न समजलेला एक प्रश्न तुम्हाला येते त्या भाषेत विचारा, आणि तास संपल्यावर किती जण तुमच्याकडे येऊन 'मलाही तेच विचारायचे होते' म्हणतात, ते वहीत नोंदवा.